काचेसारखी पानं

ज्ञानाचं दार सर्वांसाठी सदैव उघडं असतं. मूर्तिजापूरच्या लोकसेवा वाचनालयाचं ते सकाळी आठ ते साडेबारा उघडं असे. एप्रिल लागला की अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्यात कूलर बसवलेला असे.

त्या अर्ध्या दारातून माया आडवी होऊन आत शिरली. पांढरी काठी कूलरच्या टाकीवर ठणकन वाजली. अमरावतीच्या अंध विद्यालयातून शिकून आल्याला आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत तिच्या बोटांना एक पान लागलं नव्हतं. मोबाइल वाचून दाखवायचा खरा, पण मरणाचा प्रसंग आणि भेंडीची भाजी तो एकाच सुरात सांगे. म्हणून वाचनालयाच्या 'सर्वसमावेशक उन्हाळी शिबिरा'साठी तिनं तीन अर्ज करून ब्रेलमधली कादंबरी मागवायला लावली होती. तीन जाडजूड भाग. आज पहिल्याचं पहिलं पान ती स्वतः वाचणार होती.

दहाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष तिवस्याहून अकराला पोचले. 'अंध' हा शब्द वापरू नये, यावर ते पाऊण तास बोलले. त्यात तो एकवीस वेळा आला. मायानं मोजला.

मग ग्रंथपाल नत्थुजींनी पुस्तक तिच्या हाती दिलं. मायानं पानावर बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. पुढचं पान, त्याच्या पुढचं. तिची बोटं चालताना पाहून लोकांना भरून आलं, टाळ्या पडल्या.

"काका, हे तं कोरं हाये."

"कोरं काहून राहीन?" नत्थुजी दुखावले. "पण काय माल धाडला त्याहीनं! साऱ्या पानायवर पुळ्या. मले वाटलं, ओल लागली. सहदेव बाइंडरकडं देल्लं, चार दिवस दाबात ठेवलं. आता हात फिरव, काचेसारखं झालं का नाही?"

"काका, त्या पुळ्याच तं अक्षरं हायेत!"

नत्थुजींनी पानावरून स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला.

"बाकीचे दोन भाग?"

"आज सकायीच देल्ले सहदेवले." नत्थुजींनी दाराकडं पाहिलं. "पण तो आधी दाब हलकाच ठेवते. बारा वाजता दुकान बंद करतानी पेच पुरा कसते."

"मंग चाला ना लवकर!"

तेवढ्यात अध्यक्षांनी शाल उलगडली. फोटोवाला ओरडला, "ताई, इकडे पाहा!"

"तूच पाह्य बावा," माया म्हणाली आणि नत्थुजींचं कोपर धरून निघाली. कूलरपाशी दोघं आडवे झाले. आधी कोणी निघायचं यात थोडा वेळ गेला.

बाहेर आल्यावर नत्थुजींनी घड्याळ पाहिलं.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.