काडेपेटीएवढं कुलूप

वर्तमानपत्रात दर बुधवारी संगणकावर एक सदर येतं. नौपाड्याच्या वाचनालयात बसून मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो आणि दर बुधवारी माझं डोकं फिरतं. लिहिणारा माणूस हुशार आहे. त्याचं म्हणणं, कागदाचे दिवस भरले. जगातली सगळी पुस्तकं, सगळी गाणी चकतीवर मावणार आणि ती कधी जीर्ण होणार नाहीत. परवा त्याने लिहिलं होतं, की परदेशात संगणकाकडून काम करून घ्यायच्या रीतीवरसुद्धा पेटंट मिळतं. रीत ज्याने आधी नोंदवली त्याची. दुसऱ्याने वापरायची तर त्याला विचारून. हे त्याने प्रगती म्हणून लिहिलं होतं.

जाळ्याची गाठ मला बापाने शिकवली, बापाला त्याच्या बापाने. पहिली गाठ मारणाऱ्याने ती नोंदवून ठेवली असती तर आमचा अख्खा कोळीवाडा आजही त्याच्या दारात परवानगी मागत उभा असता. हे मी वाचनालयात मोठ्याने बोललो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "धाकूदादा, हळू. लोक वाचतायत."

"वाचू दे. मी पन वाचूनच बोलतोय."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या घरातलं एक गाणं तीन चकत्यांत अडकून पडलेलं आहे आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते ती देत नाहीत.

मनुबाई माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत एकेका कामाला एकेक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. धवलारणीने धवला म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कोळीवाड्यात कोणी धरत नाही. वहिनी त्याचे नारळ, तांदूळ आणि खण घ्यायची. गाणी मात्र कोणीही उचलावीत. मागे बसलेल्या पोरींना ती म्हणायची, "तोंड मिटून काय बसल्याव गो? म्हना माझ्यामागं. शिकाल तं माझा घसा वाचंल." अशा मागून म्हणता म्हणताच बायका धवले शिकत.

पाठवणीचा धवला तेवढा कोणी शिकलं नाही. नवरी निघाली की सगळ्या बायका रडतात. आई रडते, मावश्या रडतात, भाड्याने आणलेला बाजेवालासुद्धा डोळे पुसतो. मागून म्हणायला कोणाचा आवाज उरत नाही. त्या वेळी न रडता उभी राहते ती एकटी धवलारीण. म्हणून ते गाणं एकट्या वहिनीच्या तोंडी होतं, आणि तिच्या आधी तिच्या आत्येच्या.

मी चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो. पुढे माझ्या मनात आलं, की वहिनीचे धवले लिहून काढावेत. ती मासळी निवडता निवडता म्हणायची, मी शेजारी बसून लिहायचो. "सावकाश म्हन ना," म्हटलं की वैतागायची. "भावोजी, गानं काय गलाला लागलेला मासा हाय? थांब म्हटलं की थांबंल?" वह्या भरत गेल्या, पाठ मात्र मला एकही धवला झाला नाही. नवरीचं नाव येतं तिथे ती सांगायची, "इथं मोकली जागा सोड. जिचं लगीन तिचं नाव."

नौपाड्यात विठ्ठलरावांचा छापखाना होता. चांगला माणूस. छपाईचे शिशाचे खिळे विकून त्यांनी नुकताच संगणक घेतला होता. म्हणाले, "धाकू, तुझ्या वह्या दे. सवडीने मीच टाइप करतो. पुस्तक काढू." मराठी अक्षरांसाठी त्यांनी एका कंपनीचा फॉन्ट घेतला होता. त्याच्याबरोबर काडेपेटीएवढा एक डबा मिळाला होता. तो संगणकाच्या पाठीमागे खोचला तरच अक्षरं उमटायची. त्याला ते लॉक म्हणत. मी विचारलं, "कुलूप कशाला? अक्षरं कोन चोरतो?" विठ्ठलराव म्हणाले, "सगळेच चोरतात, म्हणून तर." तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो.

त्यांनी पहिल्या पानाचा नमुना काढून दिला. वर मनुबाईचं नाव, खाली हळदीचा धवला. वहिनीला वाचता येत नव्हतं. तिने त्या पानाला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्याच्या मागे भिंतीला चिकटवलं. तिची सून सगुणा म्हणाली, "आये, मना शिकव ना पाठवनीचं." वहिनी म्हणाली, "आता कनाला? पुस्तकात येनार हाय. तुझी नात पन वाचंल." सगुणा तेव्हा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला लागली होती. तिलाही ते बरंच वाटलं.

सगळं टाइप झाल्यावर विठ्ठलरावांनी वह्या परत दिल्या. त्यांचं पुढे काय करायचं हे वहिनीने मला विचारलं नाही. आमच्या बायका रद्दीच्या कागदात मासळी बांधून देतात. आपली गाणी उद्या कोणाच्या बोंबलाभोवती गुंडाळली जातील याची तिला धास्ती होती. नारळी पौर्णिमेला नारळाबरोबर तिने वह्याही खाडीला दिल्या, रीतसर, फूल वाहून. घरी येऊन मला म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या. आता मशिनीत सुखरूप हायत." मला वाईट वाटलं, पण चूक वाटली नाही. सदरवाला तेच तर सांगत होता.

पुस्तक पावसाळ्यानंतर, मग दिवाळीनंतर असं पुढे जात राहिलं. मग छापखान्याची जागा बिल्डरने घेतली. विठ्ठलरावांनी संगणक विकला, लॉकसकट. मला तीन फ्लॉप्या, म्हणजे त्या चकत्या, दिल्या. "यात सगळं आहे. कुठेही छापून घे." आणि ते मुलाकडे परगावी गेले. त्या थंडीत वहिनी गेली. आजारी पडली आणि आठवड्यात आटोपलं. जाण्याआधी सगुणाच्या पोरीचा, मंदाकिनीचा हात धरून म्हणाली, "तुझ्या लग्नात माझंच गानं व्हायला पायजे हां. मी नसले तरी."

वैशाखात मंदाकिनीचं लग्न ठरलं. मी फ्लॉप्या घेऊन डोंबिवलीला गेलो. स्टेशनाजवळ उत्तम नावाच्या पोराचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, एसटीडी, झेरॉक्स, सगळं एकाच खोलीत. त्याने फ्लॉपी आत घातली. पडद्यावर जे आलं ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. डोक्यावर टोपी घातलेला ओ, दोन ठिपक्यांचा यू, डॉलरची खूण, टक्क्याची खूण.

"हे काय रे? बिघडली?"

"नाही बाबा, फाईल एकदम ठणठणीत आहे. फॉन्ट नाही आपल्याकडे. त्या कंपनीचा फॉन्ट टाकला की हेच मराठी दिसेल."

"मग टाक."

"त्याला लॉक लागतं."

"अरे, तुमी पोरं तर सगळंच चोरीचं वापरता म्हनं."

उत्तम कसनुसा हसला. "मोठ्या कंपन्यांची लॉकं तोडलीयत लोकांनी. ही कंपनी एवढी छोटी, की हिचं तोडायचा त्रास कोणी घेतलाच नाही. फोन लावून बघा."

त्याच्याच बूथमधून फोन लावला. पलीकडे एक मुलगा होता. गोड बोलत होता.

"आजोबा, ती आवृत्ती आम्ही बंद केली."

"बंद म्हंजे? अक्षरं बंद झाली?"

"अक्षरं नाहीत हो, त्यांची मांडणी. जुन्या फॉन्टमध्ये 'क' ज्या घरात होता त्या घरात आता तो नाही. नवा फॉन्ट घेतलात तरी ही फाईल वाचता येणार नाही."

"मग कुठल्या घरात कोन ऱ्हात होता तेवढं सांगा. मी लिवून घेतो."

"ते सांगता येत नाही. ती कंपनीची मालमत्ता आहे."

"पन गानं माझ्या वहिनीचं हाय."

"गाणं तुमचंच आहे, आजोबा. अक्षरंही तुमचीच. आकार आणि मांडणी फक्त आमची."

"मग माझं गानं मना द्या, आनि आकार तुमी ठेवा."

तो हसला. वाईट हसला नाही. नोकरमाणूस तो, मांडणी काही त्याच्या बापाचीही नव्हती. "साहेबांना विचारतो," म्हणाला. पुढच्या फोनला म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. त्याच्या पुढच्या फोनला दुसराच कोणी होता, त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. त्याने मला पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं. उत्तरादाखल नव्या फॉन्टची रंगीत जाहिरात आली. त्यात एक नऊवारी नेसलेली बाई संगणकासमोर बसलेली होती आणि खाली लिहिलं होतं, आपली भाषा, आपला अभिमान. ती जाहिरात मी फाडली. लिहिलेला कागद मी आयुष्यात कधी फाडला नव्हता.

उत्तमला माझी दया आली असावी. म्हणाला, "बाबा, त्या छापखान्याचं एखादं छापलेलं पान आहे का घरात? या फाईलमधलं?"

"देव्हाऱ्यामागं हाय एक."

"मग ते आणि हे शेजारी ठेवून बघा. छापलेल्या पानात जिथे 'ह' आहे, तिथे इथे कुठली खूण आहे. अशी एकेक लावत जा. मला वेळ असता तर मी केलं असतं, पण लग्नसराई आहे." त्याने पहिलं पान आणि पाठवणीचा धवला, त्या टोपीवाल्या अक्षरांत, छापून दिला. तो शेवटच्या फ्लॉपीत शेवटी होता. वहिनीनेच सांगितलं होतं, पाठवणी शेवटी टाक, आधी टाकली तर अपशकुन.

सगुणाने भिंतीवरून पान सोडवलं. हळदकुंकवाने अर्धी ओळ गेली होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि पुन्हा मुळाक्षरं शिकायला लागलो. टोपीवाला ओ म्हणजे 'ह'. डॉलर म्हणजे 'ल'. काना कुठे, वेलांटी कुठे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची, ते कळायलाच बराच वेळ गेला. सगुणा कामावरून आली की पाठीमागे उभी राहायची.

"काय लागलं, काका?"

"'खाडी' लागलं. 'पल्याड' लागलं."

"आनि आये काय म्हनतेय?"

"तुझी आये डोक्यावर टोपी घालून बसलीय. बोलत नाय."

ती हसायची आणि मग डोळे पुसत आत जायची. मला राग यायचा तो यानेच. पिढ्यान् पिढ्या तोंडून तोंडी आलेलं गाणं, कोणी कधी अडवलं नाही, आणि आता मी त्यातली अक्षरं एकेक करून भीक मागितल्यासारखी गोळा करत होतो.

आणि ती पुरली नाहीत. हळदीच्या धवल्यात जी अक्षरं होती तेवढीच मला सापडली. त्यात 'ठ' नव्हता, 'झ' नव्हता, 'भ' नव्हता, जोडाक्षरं तर जवळजवळ नव्हतीच. पाठवणीच्या गाण्यात तीच जास्त. अंदाजाने काही भरली. जिथे धीर झाला नाही तिथे मोकळी जागा सोडली. त्यात आणखी घोटाळा असा, की नवरीच्या नावाची मोकळी जागाही त्यातच होती. वहिनीची मोकळी जागा कुठली आणि कंपनीची कुठली, हे मला शेवटी सांगता येईना.

लग्न झालं. हळदीचा धवला सगळ्या बायकांना येत होता, तो झोकात झाला. पाठवणीची वेळ आली. मंदाकिनी उंबऱ्यात उभी राहिली. बायका रडायला लागल्या. मांडववाल्याने कॅसेट लावण्यासाठी हात पुढे केला तशी सगुणा ओरडली, "हात लावशील तं बघ!" आणि माझ्याकडे वळली. "काका, तुमी वाचा. जेवढं हाय तेवढं वाचा."

मी गायलो नाही. मला गाता येत नाही. रात्रीच्या वर्गात पहिल्या दिवसांत वाचायचो तसा, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लागलो.

"पल्याडच्या गलबता, हलू हलू ये रं... माझी... नेशील तं..."

पहिल्या मोकळ्या जागेशी थांबलो. सगुणाला वाटलं ही नावाची जागा. ती म्हणाली, "मंदाकिनी." मी पुढे गेलो. पुन्हा जागा आली. तिथे नाव असेल असं मला वाटत नव्हतं, पण मागून दोघीतिघी म्हणाल्या, "मंदाकिनी." पुढच्या जागेला सगळ्याच म्हणाल्या. रडता रडता म्हणाल्या. मी वाचायचो, थांबायचो आणि त्या तिचं नाव घ्यायच्या. वहिनीच्या गाण्यात नवरीचं नाव एकदाच यायचं. मला ते पक्कं माहीत होतं, कारण ते मीच लिहून घेतलं होतं. पण ते कुठे यायचं तेच नेमकं माहीत नव्हतं. शेवटी शेवटी अर्थच उरला नाही, नुसतं नाव उरलं. ते ऐकत मंदाकिनी गाडीत बसली.

नंतर पंगतीत सगळे म्हणाले, फार छान झालं, असं कधी ऐकलं नव्हतं. भागीरथी म्हणून एक म्हातारी आहे, ती तर म्हणाली, "माझ्या नातीला पन असंच वाचा हां, दादा." मी मान हलवली नाही. असं कधी ऐकलं नव्हतं, तेच तर माझं दुखणं होतं. वहिनीने पोरीला तिचं गाणं कबूल केलं होतं आणि पोरीला मिळाली ती गाण्यातली भोकं.

सगुणा मला ताट वाढायला आली. म्हणाली, "काका, जेवा. आयेचं व्हतं ना ते, थोडं तरी?"

"थोडं व्हतं," मी म्हटलं.

तीन फ्लॉप्या देव्हाऱ्यामागे ठेवल्या आहेत, त्या पानाच्या जागी. सगुणा सणावाराला त्यांना हळदकुंकू लावू बघते. मी लावू देत नाही. उत्तम म्हणालाय, धूळ जरी गेली तरी खराब होतात. आणि येत्या बुधवारी मी त्या सदरवाल्याला पत्र टाकणार आहे. हाताने लिहिलेलं.