आधी बाई, मग मुलं

गाण्याच्या बाईंचं डोकं सोमवारी जे फिरलं, ते शुक्रवार उजाडला तरी जागेवर आलं नव्हतं. आणि यावं तरी का? शनिवारी पालकसभा, सभेत दुसरीच्या वर्गाचं गाणं, आणि दुसरीचा वर्ग असा गात होता की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी जड टेबलं ओढतंय.

"मुंगीने घातले लाल लाल बूट," बाई गायच्या. आवाज भरदार, ऐकत राहावा असा. मग समोरून मुलं तेच म्हणायची आणि गाण्याचा पार विचका व्हायचा. 'लाल लाल'ला चाल खाली उतरायची. तिथं अर्धी मुलं नुसतीच बोलायची आणि उरलेली घसा खरवडायची.

"अरे, गाताय की गुरगुरताय?" बाई कीबोर्डवर हात आपटून विचारायच्या.

"गुरगुरतोय!" मागच्या बाकावरून ढोल्या अगदी प्रामाणिकपणे सांगायचा, की वर्ग लागला खिदळायला.

बाईंची शिकवायची पद्धत एकच, नोकरीला लागल्यापासूनची. आधी बाई, मग मुलं. बाईंनी ओळ गायची, मुलांनी ती उचलायची, बाईंनी पुढची गायची. सभेला येणाऱ्या पालकांतले निम्मे याच पद्धतीनं त्यांच्या हाताखालून गेलेले. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "बाई, तुमचा आवाज अजून कानात आहे हं." बाई वरवर "चल, काहीतरीच!" म्हणायच्या, पण त्या दिवशी घरी भाजीत मीठसुद्धा बेताचं पडायचं.

आणि आता ही कार्टी! मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तोंडावर सांगितलं होतं, "मुलं गणितात कच्ची आहेत. गाण्याचा तास मला गणिताला हवाय. शनिवारी पालकांसमोर ऐकण्यासारखं काही झालं तर ठेवू. नाहीतर मग मला बोल लावू नका." बोलणं कसं गोड, लोण्यासारखं, आणि सुरी फिरवायची ती फिरवलीच. गाण्याचा तास गेला की बाईंना शाळेत कामच उरत नव्हतं, आणि गाणं शिकवण्यावाचून दुसरं काही त्यांना येत नव्हतं, करावंसंही वाटत नव्हतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई खिडकीशी चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. मैदानात दुसरीच्या मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, भोवती बाकीचा वर्ग गोळा झालेला, आणि सगळे मिळून गात होते. मुंगीने घातले लाल लाल बूट. सुरात! चिमणी म्हणून बारक्या आवाजाची एक मुलगी होती, ती पुढं आणि बाकीचे तिच्या मागं. ढोल्यासुद्धा सुरात. 'लाल लाल' तर असं अलगद उतरत होतं की विचारू नका.

बाईंच्या अंगावर आनंदानं काटा आला. पण लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे यांना येतंय! येतंय, आणि वर्गात मुद्दाम माझा छळ मांडलाय!

कप तसाच ठेवून बाई तरातरा मैदानात गेल्या. "अस्सं! इथं गळे फुटलेत काय? चला वर्गात, एकूण एक!"

वर्गात येऊन त्यांनी नेहमीचा सूर धरला, ओळ गायली. मुलांनी उचलली. पुन्हा तेच, टेबलं ओढायला सुरुवात.

"मुद्दाम करता ना रे?"

"नाही हो बाई," चिमणी रडकुंडीला आली. "इथं गाणं खूप खाली जातं."

"खाली जातं म्हणजे काय? बाहेर कसं म्हणत होतीस? म्हण बघू एकटी."

चिमणीनं डोळे पुसून सुरुवात केली. बाई तिचा सूर कीबोर्डवर शोधायला लागल्या. बोट नेहमीच्या जागी ठेवलं, तिथं नव्हता. शेजारी नव्हता. बोट वर वर सरकत गेलं, आणि सूर सापडला तो इतका लांब, की बाईंना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. खात्री करायला त्यांनी त्या सुरावर स्वतः तोंड उघडलं. आवाज वर चढला, मध्येच फाटला आणि पुढं नुसतीच हवा आली.

"बाई, परत करा ना तसं!" ढोल्या खूश होऊन ओरडला.

संध्याकाळी नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. बाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, माझा आवाज खाली गेलाय का?"

"अगं, कधीचाच."

"कधीचाच म्हणजे?"

"आपल्या धाकटीच्या लग्नात गायलीस ना, तेव्हाच जाणवलं होतं."

"धाकटीला दोन मुलं झाली! आणि इतकी वर्षं तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. आवाज तुझा." त्यानं टॉवेल झटकला. "आणि सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतंस?"

बाई जास्तच भडकल्या. राग नवऱ्यावर काढला, खरा होता स्वतःवर. आज घसा बसलाय, जरा खालून घेऊ, असं म्हणत म्हणत त्यांनीच गाणं एकेक पायरी उतरवलं होतं, आणि परत वर काही नेलं नव्हतं. पोरं बिचारी आपल्यामागं फरफटत खाली आली, आणि वर शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ठरवून टाकलं, उद्या मुलांचा सूर. आपण नुसतं वाजवायचं, तोंड उघडायचं नाही. तेवढ्या सगळ्या जुन्या पोरांसमोर आवाज फाटलेला ऐकवायची त्यांची छाती नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी मुलांना चारचारदा बजावलं. "आज मी गाणार नाही. मी वाजवणार, तुम्ही गायचं. कळलं?"

"हो बाई!"

"काय कळलं?"

"हो बाई!"

त्यांना चंद्रावर जायचंय म्हटलं असतं तरी हीच आरोळी आली असती. बाईंनी कपाळावर हात मारला, पण वेळ कुठं होता?

सभागृह भरलेलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. बाईंनी वरचा सूर धरला, सुरुवातीचे तुकडे वाजवले आणि मुलांना मान हलवून खूण केली. मुलांनीही मान हलवली. ढोल्यानं तर छान हसून दाखवलं. गात मात्र कुणीच नव्हतं.

बाईंनी तुकडा पुन्हा वाजवला. चिडीचूप. "गा ना रे!" त्या दातओठ खात पुटपुटल्या.

"बाई," चिमणीनं कुजबुजत सांगितलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, "आधी तुम्ही."

आता काय करावं या मुलांना! धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. हात आपोआप खाली सरकायला लागला, आपल्या नेहमीच्या सुराकडे. तिथं आवाज अजून भरदार होता, लोकांनी वाहवा केली असती. आणि मग मुलांनी टेबलं ओढली असती.

'मेलं जाऊ दे,' म्हणत त्यांनी हात जागेवर आणला आणि वरच्या सुरात ओळ घेतली.

'घातले'वरच आवाज फाटला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. जुन्या पोरांपैकी एकीनं खाली मान घातली. बाईंना ते सगळं दिसलं.

आणि मुलांनी ओळ उचलली. सगळी एकदम, उंच, स्वच्छ, नितळ सुरात. बाईंचा फाटका आवाज एकानंही उचलला नाही, उचललं ते फक्त गाणं. बाईंना रडू फुटायला आलं, पण पुढची ओळ घ्यायची होती, कारण ही शहाणी त्यांच्या तोंडाकडे बघत पुन्हा थांबली होती. बाईंनी तीही घेतली, तीही फाटली. शेवटच्या कडव्यापर्यंत अशी एकेक ओळ बाई सगळ्यांदेखत मोडत गेल्या आणि मुलं ती धडधाकट करून परत देत गेली.

टाळ्या थांबेनात. मोठ्या बाई उठून जवळ आल्या. "मुलं सुरेख गायली. तास राहू दे. पण बाई, तुमच्या आवाजाला काय झालं हो? काय आवाज होता!"

"गेला," बाई कीबोर्डची वायर गुंडाळत म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना भयंकर राग येत होता. "तास नाही ना गेला? मग झालं."