पूर्ण तयारीनिशी

वॉर्डात त्या कामाचं नाव कुणी घेत नसे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईचे बेंबीपासून मांड्यांपर्यंतचे केस काढायचे, याला म्हणायचं ‘तयारी’. सहा नंबरची तयारी झाली का, अकरा नंबरची राहिली का, एवढ्यावर भागायचं. विचारणाऱ्यालाही लाजायला नको आणि ऐकणारीलाही.

एकतीस वर्षं हे काम दोघी बहिणींतल्या थोरलीने केलं. वॉर्डातल्या सगळ्याच मदतनीस बायकांना मावशी म्हणत, म्हणून ओळखायला सोपं जावं यासाठी ही ‘तयारीच्या मावशी’ झाली. बायका आधी पडद्याकडे बघायच्या, मग तिच्या हातातल्या वस्तऱ्याकडे, मग डोळे मिटून घ्यायच्या. थोरली त्यांना मुलंबाळं विचारत विचारत काम उरकायची. आपल्या हातून एकाही बाईला ओरखडा उठला नाही, असं ती सांगत असे, आणि ते जवळपास खरं होतं. जेव्हा खरं नव्हतं तेव्हा तिने तसं लगेच सिस्टरना सांगितलं होतं. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची: कापलं तर आधी सांगायचं, मग रडायचं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. लग्न तिने केलं नव्हतं. त्यामुळे धाकट्या बहिणीचा नवरा गेला तशी ती तिच्याकडेच राहायला आली. घरात दोघी बहिणी आणि धाकटीची मुलगी. मुलगी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जगभर मावशी म्हणवून घेतलेल्या थोरलीची खरी भाची ही एवढी एकच.

गेल्या वर्षापासून थोरली चहाचा कप अर्धाच भरायला लागली होती. पूर्ण भरला की बशीत सांडायचा. भाचीने एकदा विचारलं, तेव्हा तिने चहा कमी केलाय म्हणून सांगितलं.

मग धाकटीच्या पोटात गाठ निघाली. अंडाशयाला होती. सर्जन म्हणाले, आत्ता तरी ती जागच्या जागी दिसते आहे, वेळ न घालवता काढून टाकू. तारीख मिळाली शुक्रवारची, दाखल व्हायचं गुरुवारी सकाळी, आणि तेही थोरलीच्याच जुन्या वॉर्डात. सोबत एक छापील कागद मिळाला. त्यावर तारखेखाली ठळक अक्षरांत ओळ होती: रुग्णाने घरून पूर्ण तयारीनिशी यावे.

थोरलीने ती ओळ वाचली आणि मान हलवली. हल्ली माणसं कमी आहेत, तेव्हा हेही घरावर ढकललं असणार. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बरंच काही होतं. चष्मा आतल्या खोलीत होता. ज्या वॉर्डात जन्म घालवला तिथलं आपण काय वाचायचं, असं म्हणून तिने कागद फाइलमध्ये ठेवून दिला.

धाकटीला तर हायसंच वाटलं. बारा वर्षं तिला मधुमेह होता, सुयांची सवय होती, भीती तिला ऑपरेशनची नव्हती. भीती होती ती परक्या पोरींसमोर पाय उघडे टाकून पडण्याची.

“तूच कर,” ती म्हणाली. “एवढ्या बायकांची केलीस, सख्ख्या बहिणीची एकदा कर की.”

“उवा काढताना मिनिटभर स्थिर बसत नव्हतीस. आता राहशील?”

“तेव्हा तू केस उपटायचीस.”

दोघी हसल्या. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसणं.

गुरुवारी सकाळी घाई नको म्हणून सोमवारी दुपारीच करायचं ठरलं. भाची कामावर गेली होती. थोरलीने पलंग खिडकीजवळ ओढला, खाली जुनी धुतलेली चादर घातली, हात कोपरापर्यंत धुतले. वॉर्डातून निघताना भेट मिळालेला पोलादी वस्तरा तिने उकळून काढला आणि त्यात कोरं पातं बसवलं. एकीचं पातं दुसरीला नाही आणि आजचं पातं उद्याला नाही, हा तिचा नियम होता. आधी कात्रीने केस आखूड केले. लांब केसांवर पातं चालवलं की ते अडकतं आणि कातडी ओढली जाते. मग कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं ठेवला, बिनवासाच्या साबणाचा फेस केला. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने पातं न्यायचं, बोटभर गेलं की धुवायचं, एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही. तिच्या हातांना हे सगळं पाठ होतं. पोट झालं, मधला भाग झाला. धाकटी छताकडे बघत लेकीच्या लग्नाचं बोलत होती, की ही पोरगी काचेच्या नळ्यांशीच लग्न करणार बहुतेक.

शेवटची जागा उजव्या जांघेची. पाय जिथे धडाला मिळतो तिथली कातडी सैल असते, ताणली तरी पुरती ताणली जात नाही. थोरलीने ती धरली, पातं टेकवलं, आणि तिचा हात हलला.

नखाएवढी लाल रेघ उमटली. धाकटीची मांडी आवळली गेली.

“काय झालं?”

“काही नाही. साबण झोंबला असेल.”

शब्द तोंडातून गेल्यावर थोरलीला स्वतःचंच नवल वाटलं. किती सहज बोललो आपण. तिने कापूस दाबून धरला, रक्त थांबल्यावर जंतुनाशक लावलं, सैल सुती कपडे घालायला सांगितलं. मग मोरीत जाऊन वस्तरा धुतला आणि उजवा हात नळाखाली बराच वेळ धरून ठेवला, जणू चूक त्याची होती. वॉर्डात फोन करावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण काय सांगायचं? की तयारीच्या मावशींनी सख्ख्या बहिणीला कापलं? रेघ तर नखाएवढी. गुरुवारपर्यंत भरून येईल.

मंगळवारी तिथे लाली आली. बुधवारी सकाळी सुपारीएवढी गाठ होती, हात लावला तर गरम, आणि धाकटी पाय फाकवून चालायला लागली. थोरली म्हणाली, केस आत वळला असेल, होतं असं कधी कधी. भाचीने वॉर्डात फोन करू का म्हणून दोनदा विचारलं. उद्या जायचंच आहे, उगाच कशाला, असं थोरलीने तिला दोन्हीदा उत्तर दिलं. संध्याकाळी धाकटीला थंडी वाजून ताप भरला.

गुरुवारी सकाळी तिघी वॉर्डात पोचल्या. पडद्याआड एका नर्स मुलीने धाकटीला तपासलं आणि ती लगेच बाहेर गेली. मग हेड सिस्टर आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या इथे नव्या होत्या आणि रक्त बघून चक्कर आली तेव्हा थोरलीनेच त्यांच्या तोंडावर पाणी मारलं होतं. मागोमाग सर्जन आले. त्यांनी जांघेतल्या गळवाभोवती नुसतं बोट फिरवलं, साखरेचा आकडा वाचला. तीनशे ऐंशी.

“पात्याने कोणी केलंय हे?”

थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने तोंड उघडलं.

“मीच,” धाकटी म्हणाली. “घरी. लाज वाटत होती म्हणून.”

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की आता पोट उघडता येणार नाही. आधी पू काढायचा, ताप उतरवायचा, साखर ताब्यात आणायची. अशा अंगाने ऑपरेशन केलं तर विष पोटात शिरेल. किती दिवस, हे आज सांगता येत नाही.

हेड सिस्टरनी फाइलमधला कागद काढून उलटा केला आणि मागची बाजू धाकटीला वाचून दाखवली. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी काढू नयेत. पात्याने कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, दोन-तीन दिवसांत त्यांत जंतू वाढतात. म्हणून इथे पाती बंद होऊन पाच वर्षं झाली, त्या म्हणाल्या. आता लागलंच तर यंत्राने केस नुसते कातरतात, तेही ऑपरेशनच्याच सकाळी. तयारी म्हणजे रिपोर्ट, औषधांची यादी, रिकामं पोट, सोबतीचं माणूस.

मग त्या थोरलीकडे वळल्या. “मावशी, तुम्ही घरात असताना हे झालं कसं?” त्यांच्या आवाजात नुसतं नवल होतं.

“मी बाहेर गेले होते,” थोरली म्हणाली.

भाचीने तिच्याकडे पाहिलं. धाकटीने पाहिलं नाही.

पाच आठवडे गेले. गळू फोडलं, त्यात रोज पट्टी भरावी लागली, साखर उतरायची आणि पुन्हा चढायची. थोरलीने बहिणीची शुश्रूषा अशी केली की शेजारपाजारच्या बायका आपल्या लेकीसुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. ते ऐकलं की ती उठून आत जायची.

दुसऱ्या तारखेच्या सकाळी ती पडद्याबाहेर उभी राहिली. आतून यंत्राची बारीक घरघर ऐकू आली. वॉर्डातली मुलगी धाकटीला विचारत होती, गार लागतंय का? तीन मिनिटांत घरघर थांबली. थोरलीला त्याच कामाला वीस मिनिटं लागायची आणि त्या वीस मिनिटांचा तिला अभिमान होता.

ऑपरेशन दोन-तीन तासांचं म्हणून सांगितलं होतं. सर्जन पाऊण तासात बाहेर आले. आत पोटभर कॅन्सरचे दाणे पसरले होते, काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तपासणीला तुकडा घेऊन पोट पुन्हा शिवलं. भाचीने शांतपणे एकच प्रश्न विचारला: पाच आठवड्यांपूर्वी केलं असतं तर? तेव्हा आत काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, सर्जन म्हणाले. भाची प्रयोगशाळेत काम करणारी, जे मोजलं नाही त्याचा आकडा मागू नये हे तिला कळत होतं. तिने मान हलवली. थोरलीला ते उत्तर पचेना. हो म्हणाले असते तर तिने ऐकून घेतलं असतं.

धाकटी घरी आली. दुपारची वेळ, पलंग पुन्हा खिडकीजवळ होता. थोरली तिचे पाय चेपत होती आणि धाकटी केस वाढताना खाज सुटते म्हणून कुरकुरत होती. थोरलीला राहवलं नाही.

“तो साबण नव्हता,” ती म्हणाली. “मी कापलं होतं तुला. हात हलला माझा.”

“मला कळलं होतं.”

थोरलीचे हात थांबले.

“साबण असा झोंबत नाही, ताई. पण तू काही नाही म्हणालीस. म्हटलं, हिला माहीत असतं सगळं, काही असतं तर बोलली असती.” तिने दम घेतला. “आणि तिथे तुझ्या माणसांसमोर तुझी मान खाली नको जायला.”

“सांगायचंस गं.”

“तू सांगायचंस,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पाय थोडा जवळ घेतला आणि डोळे मिटले. थोरलीने पाय चेपणं पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली. हेड सिस्टर टेबलाशी होत्या. थोरली म्हणाली, कागदावरचे दोन शब्द बदला. ‘पूर्ण तयारीनिशी’ एवढं काढून टाका.

हेड सिस्टरना हसू आलं. हजारो बायकांनी तो कागद वाचला होता. तयारीचा तसला अर्थ कोण घेईल?

“मी घेतला,” थोरली म्हणाली. “बाहेर नव्हते गेले मी. वस्तरा माझ्या हातात होता. कापलं, आणि सांगितलं नाही.”

हेड सिस्टरनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. समजुतीचं काहीच बोलल्या नाहीत, आणि थोरलीला त्यांचे त्याबद्दल आभार मानावेसे वाटले. नवे कागद छापायला वेळ लागेल, त्या म्हणाल्या. जुन्यांचे दोन गठ्ठे अजून कपाटात आहेत.

“द्या इकडे,” थोरली म्हणाली.

तिने चष्मा लावला. बाहेरच्या बाकावर गठ्ठा मांडीवर घेऊन ती बसली आणि पेनाने एकेका कागदावरचे ते दोन शब्द खोडायला लागली. खोडून झालं की कागद उलटा करून मागच्या बाजूच्या ‘घरी काढू नयेत’ या शब्दांखाली रेघ मारायची. हात थरथरत होता, रेघा वाकड्या जात होत्या. दहा नंबरची बाई फाइल छातीशी धरून समोरून गेली, मागून यंत्राचा डबा घेतलेली मुलगी गेली, पडदा ओढला गेला. थोरलीने पुढचा कागद घेतला. धाकटीला दोन वाजता औषध द्यायचं होतं, तोवर निम्मा गठ्ठा झाला असता.