टोपीबाबांचा दिवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरचा दिवा लागला की अख्खी गर्दी 'आहा' करी, विझला की हळहळे. दिव्याची वायर एका म्हाताऱ्या शिंप्याच्या डोक्यावरच्या टोपीत शिरली होती. पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला होता.

"दात आवळा," टोपीबाबा त्याच्या कानाशी लागले, "इच्छाशक्ती एकवटा. आत्म्याची लहर उठतेय. दिवा पूर्ण तेजाने पेटला की हात आपोआप उठेल. तोवर व्यायाम बंद. व्यायामाने लहर फुटते."

दिवा भगभगला. हात मांडीवर ओल्या कापडासारखा पडून राहिला.

शिंप्याची मुलगी समोरच धुमसत बसली होती. इस्पितळात मेंदूतल्या विजेचे आलेख काढणं हे तिचं काम. व्यायाम होता तेव्हा तिच्या वडिलांचा, अण्णांचा, अंगठा सूतभर हलायचा. आता बोटं आखडत चालली होती, आणि त्याच बोटांनी त्यांना पुन्हा कात्री धरायची होती.

ती मंचावर चढली. "महाराज, माझाही आत्मा तपासा की."

"या ताई. श्रद्धा आहे ना?"

"भूक आहे." अण्णांच्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवून तिने पिशवीतला कडक पाव काढला आणि चावायला लागली. घासागणिक दिवा लखलखला.

"पावाला मोक्ष मिळतोय," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मग तिने चावणं थांबवलं, जबडा सैल सोडला आणि हात वर करून हलवला. दिवा ढिम्म.

"ताईंची श्रद्धा कच्ची आहे," टोपीबाबा म्हणाले.

"जबडा पक्का आहे ना." ती लोकांकडे वळली. "टोपीच्या आतल्या, वीज टिपणाऱ्या पट्ट्या कानशिलावर आहेत. तिथे जबड्याचा स्नायू असतो. त्याच्या विजेपुढे मेंदूच्या लहरी म्हणजे कुजबूज. शिवाय हात हलवायचं ठरवलं की मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागातली लहरींची लय वाढत नाही, उलट घटते. जसे रिकामे शिपाई एका तालात पाय आपटत उभे असतात. कामाला लागले की ताल मोडतो. दिवा खरंच मेंदूवर चालत असता तर हात हलवताना मंद झाला असता. तेव्हा हात जोडण्याआधी वायर कुठे जाते ते बघत जा."

अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या आत काहीच होत नव्हतं?"

"होतं, अण्णा. तुमचा आलेख मीच काढलाय. हात हलवायचा म्हटलं की तुमचीही लय मोडते. निरोप निघतो, पुढची वाट खचलीय. ती चालूनच, म्हणजे व्यायामानेच, मळते. किती मळेल, ते मी आज सांगू शकत नाही."

अण्णांनी डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून सरळ केली.

तिने टोपी परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. "दात सोडा, अण्णा. आता हात हलवा."

त्यांनी दात सोडले. अंगठा सूतभर हलला. दिवा विझलेलाच होता.