क्रेमेना ताशेवाची काळी चौकट

तुम्ही खोटं बोललात, साहेब. माझ्या झाकणावर जो कागद डकवून गेलात त्यावर लिहिलंय, 'झालेल्या गोंधळास हे जुने यंत्र जबाबदार आहे.' खाली तुमची सही, सहीखाली शिक्का. शिक्का तेवढा खरा. बाकी सगळं खोटं.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. प्लॉवडिव शहरातल्या एका डिझाइन कॉलेजात, सभागृहाच्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या शेजारी माझी जागा. मी शाळा शिकलो नाही. पोटातून जे कागद गेले तेवढंच माझं शिक्षण. पण कागद पुष्कळ गेले.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा मी चार रंगांचा होतो. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. इथे आलो त्या दिवशी पाद्रीबाबांना बोलावलं होतं. त्यांनी हिरव्या पानांच्या जुडीनं माझ्यावर पाणी शिंपडलं. ते जरा जास्तच शिंपडलं आणि पहिल्याच दिवशी मी अडकलो. तेव्हाही दोष मलाच दिला गेला.

पण नंतरची वर्षं सोन्यासारखी होती. मी चेरी छापली की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. पोरं मला आजोबा म्हणायची. अंगावर कॉफीचे पेले ठेवायची, पण प्रेमानं. मग एकेक रंग संपत गेला. आधी पिवळा संपला, मग किरमिजी. निळा शेवटी नुसता खोकायचा. पोरं साहेबांकडे, म्हणजे कॉलेजच्या प्राचार्यांकडे, शाई मागायला जायची. "पुढच्या सत्रात," साहेब म्हणायचे. सत्रं आली आणि गेली. साहेबांच्या खोलीत मात्र चामड्याचा सोफा आला. सोफ्यावर पोस्टर छापता येत नाही, मित्रांनो. मी हे साहेबांना सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, नुसता ट्रे आहे.

माझ्याकडे उरला काळा. आता ऐका.

क्रेमेना ताशेवा शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाच्या पोरांचं मे महिन्यात प्रदर्शन असतं. यंदा प्रदर्शनाला बिस्त्रा मॅडम येणार होत्या. दह्या-लोण्याच्या डब्यांवरची चित्रं त्यांच्या स्टुडिओत होतात. पोरांची कामं त्यांनी हिवाळ्यात एकदा येऊन पाहिली होती, आता त्या एकच पोर निवडणार होत्या. निवड झाली तर ठीक, नाहीतर क्रेमेनाला मावशीकडे जर्मनीला जाऊन गोदामात खोकी भरायची होती. खोक्यावरचं चित्र काढायचं की खोकं भरायचं, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

"दरवर्षी कोण येतं आपल्या प्रदर्शनाला? आईबाप येतात आणि बिस्किटं संपवून जातात," ती म्हणायची. म्हणून तिनं स्वतःचंच पोस्टर केलं. मधे तिचा फोटो, खाली पूर्ण नाव, त्याखाली 'शुक्रवारी दुपारी बारा वाजता, कॉलेजच्या सभागृहात'. भोवती जाडजूड चौकट. चौकट तिनं जर्द नारिंगी केली होती. माझ्यातून ती काळी कुळकुळीत निघाली.

"आजोबा, हे काय केलंत!" क्रेमेना ओरडली.

"म्हाताऱ्याकडे काळंच उरलंय, तो तरी काय करणार?" रांगेल म्हणाला. हा तिच्याच वर्गातला. "पण तुझा चेहरा झकास आलाय हं. एकदम गंभीर."

"गंभीर कसला, दात दुखत होता माझा."

तेवढ्यात वल्चानोव्ह सर आले. सर पंधरा-वीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहून आलेले. त्यांनी कागद हातात धरला आणि डोळे मिटले.

"रंग हवेत कुणाला? रंग हा भित्र्यांचा आधार. हा काळा बघा! याच्यापुढे माणूस थांबलाच पाहिजे."

"सर, पण हे जरा ओळखीचं वाटतंय," क्रेमेना म्हणाली.

"ओळखीचं वाटतं, म्हणजे अभिजात आहे!"

सभागृहाच्या पांढऱ्या भिंतीवर, दहा पोस्टरांच्या मधे, ते खरंच छान दिसत होतं. मग रांगेलनं गठ्ठा उचलला, खळीची बादली घेतली आणि गावभर पोस्टरं लावून आला. जिथे आधीपासून कागद लावलेले दिसले तिथेच त्यानं हेही लावले. फाटकांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर.

आता आमच्याकडे माणूस वारला की नेमक्या याच जागी त्याचा कागद लागतो. मधे फोटो, खाली नाव, अंत्यविधीची वेळ, भोवती काळी चौकट. जाता-येता लोक थांबतात, वाचतात, छातीवर क्रूसाची खूण करतात. क्रेमेनापुढेही लोक थांबले. सरांचं तेवढं बरोबर निघालं.

गुरुवारी टेलिफोन वाजला. रांगेलनं उचलला. पलीकडे बिस्त्रा मॅडम. आवाज जड झालेला.

"क्रेमेना ताशेवा तुमच्याच वर्गातली ना रे? एवढी तरुण पोर! काय झालं होतं तिला?"

रांगेल जरा घुटमळला. मग म्हणाला, "दात दुखत होता, मॅडम."

"नुसत्या दातानं? अरे देवा! मी तिलाच घेणार होते. तिच्या खालोखाल कोण आहे?"

"मीच, मॅडम."

"मग सोमवारपासून तू ये. आणि तिची आठवण ठेवून काम कर."

"ठेवीन, मॅडम," रांगेल म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं माझ्यावरची कुणाचीतरी गार कॉफी पिऊन टाकली.

शुक्रवारी बाराला सभागृह फुटेल इतकी गर्दी झाली. काळे रुमाल बांधलेल्या बायका. हातात जोडीजोडीनं फुलं, कारण जोडीची फुलं आमच्याकडे मेलेल्यालाच देतात. क्रेमेना दारात उभी, हरखून गेलेली. एक म्हातारा टोपी काढून तिच्याजवळ आला.

"पोरी, कुठे ठेवलंय?"

"समोरच्या भिंतीवर, काका."

"भिंतीवर?" म्हाताऱ्यानं टोपी परत घातली.

तेवढ्यात क्रेमेनाची घरमालकीण, स्तोयका आजी, मोठं पातेलं घेऊन आत शिरली. पातेल्यात साखर पेरलेल्या गव्हाच्या घुगऱ्या. मेलेल्याच्या नावानं त्या वाटायच्या असतात. समोर क्रेमेना दिसली तशी आजीनं आधी देवाचं नाव घेतलं, मग पातेलं माझ्यावर ठेवलं, मग पोरीच्या एक ठेवून दिली.

"मेली नाहीस होय गं?"

"नाही, आजी."

"लेकीकडून परत येते तर बसथांब्यावर तुझं थोबाड! पहाटेपासून गहू शिजवतेय, रडतेय आणि शिजवतेय. आता कोण खाणार हे? खा. तुझ्याच नावाचं आहे."

क्रेमेनानं भिंतीकडे पाहिलं. चौकटीकडे पाहिलं. लोकांच्या हातातल्या फुलांकडे पाहिलं. आता कुठे तिला कळलं. ती रडत रडत खाऊ लागली.

नेमक्या तेव्हा बिस्त्रा मॅडम दोन फुलं घेऊन दारात आल्या. मेलेली पोरगी तोंडभर घुगऱ्या घेऊन उभी! त्यांनी रांगेलला शोधलं. तो माझ्या मागे दडला होता.

"तू तर म्हणालास..."

"मी काहीच म्हणालो नाही, मॅडम. तुम्ही म्हणालात. मी मधे पडलो नाही, एवढंच."

"गाढवा!" क्रेमेना ओरडली.

"अगं, तुला सांगणारच होतो. सोमवारी."

मॅडम क्रेमेनाकडे वळल्या. "तुझ्या कागदापुढे मी थांबले, हे खरं. पण मी दह्याच्या डब्यांचं काम करते, बाई. दह्यापुढे लोक टोपी काढून उभे राहिले तर माझा धंदा बसेल. कागद रस्त्यावर गेला की लोक तो कसा वाचतात, हे चार वर्षांत कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

"चार वर्षांत आमचं काम या खोलीबाहेर गेलंच नव्हतं, मॅडम. हे पहिलंच."

वल्चानोव्ह सर वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बुटाला नाडी नव्हती.

"आता काय करशील?"

क्रेमेनानं नाक पुसलं. "आधी गावातले सगळे कागद माझ्या हातानं काढीन. मग दह्याच्या दुकानात जाऊन उभी राहीन. बायका कुठला डबा उचलतात आणि कुठला परत ठेवतात, ते बघेन."

मॅडमनी जोडीतलं एक फूल वेगळं केलं आणि तिच्या हातात दिलं. "सोमवारी ये." दुसरं त्यांनी रांगेलला दिलं. "तुझी नोकरी मात्र आजच वारली, बाळा."

साहेब, तुम्ही शुक्रवारी गावात नव्हतात. मंगळवारी आलात, सोफ्यावर बसलात आणि सोफ्यावरूनच चौकशी केलीत. सर निर्दोष, कॉलेज निर्दोष, शाई न घेणारे निर्दोष. गुन्हेगार मी. परवा भंगाराचा ट्रक येणार आहे म्हणे.

मित्रांनो, माझ्यासारख्यानं अशा वेळी म्हणायचं असतं की माझी निगा राखा. मी म्हणणार नाही. मला खुशाल तोडा. निगा पोरांची राखायची होती, ती कुणी राखली नाही. स्तोयका आजीच्या एका थपडेनं जे शिकवलं ते तुमच्या चार वर्षांनी का शिकवलं नाही, हे मला कुणीतरी सांगा.

सप्टेंबरात नवी पोरं येतील, साहेब. त्यांचं काम पहिल्याच वर्षी रस्त्यावर लावू देणार का? लोकांच्या शिव्या त्यांना तेव्हाच खाऊ देणार का? 'पुढच्या सत्रात' हे उत्तर चालायचं नाही.

हो की नाही, साहेब?