इंजिनचं तोंड

घोड्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण तबेल्यात सगळे त्याला इंजिन म्हणायचे. एकदा सुटला की थांबायचं नाव नाही. माझ्या थोरल्या भावाने पाच वर्षं त्याला अडथळ्यांवरून पळवलं, बक्षिसं आणली. मग एका सकाळी सरावात घोडा आवरेना, कुंपणाला धडकला आणि दादाचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातूनच तो म्हणाला, "विकून टाक त्याला. कुणाचा तरी जीव घेईल."

मी विकला नाही. विकत घेणारा त्याच्या तोंडात लगामाची आणखी जाचक लोखंडी कडी घालणार, हे न कळायला मी काल तबेल्यात आले नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यांत जुने घट्टे, जिभेवर खाच. "याला हळू सांगितलेलं कळतच नाही," त्या म्हणाल्या. "दुखलं की पळायचं, एवढंच शिकलाय."

मी लोखंड काढून रबरी कडी घातली आणि त्याला बंद रिंगणात नेलं. थांबवायचं तर श्वास सोडायचा, खोगिरात जड बसायचं, बोटं हलकेच मिटायची; त्याने नुसता कान मागे वळवला तरी लगाम सैल करायचा. सांगायला सोपं. पहिल्या आठवड्यात तो चार वेळा मला घेऊन सुसाट सुटला, आणि चारही वेळा मी घाबरून दोन्ही हातांनी ओढलं. मी ओढलं की तो अजून ताणायचा. दादाला मनातल्या मनात नावं ठेवणारी मी, पण माझे हातही तेच करत होते. एका दुपारी खोगिराच्या खोलीत बसून मी मुकाट्याने रडले.

मग मी लगाम आणि कडी यांच्यामध्ये लोकरीचा एक धागा बांधला. ओढलं की तुटणार. पहिल्या दिवशी अकरा धागे तुटले. तिसऱ्या आठवड्यात एक धागा दिवसभर टिकला, आणि मी श्वास सोडला तसा इंजिन चालता चालता उभा राहिला. माझा विश्वासच बसेना.

चार महिन्यांनी दादा काठी टेकत आला. बराच वेळ कठड्याशी उभा राहिला. मी उतरल्यावर म्हणाला, "जरा दे इकडे. फिरवून आणतो नुसता."

त्याने लगामाला हात घातला मात्र, इंजिनने मान वर फेकली आणि तो मागे सरत भिंतीला जाऊन टेकला. धागा तुटला. घोड्याच्या अंगाला कापरं भरलं होतं.

"मला घाबरतो हा?" दादाने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "हो दादा."

"मी जिंकत होतो तेव्हा टाळ्या वाजवायला तूच पुढे असायचीस."

"होते ना. तेच छळतंय."

तो काठी टेकत निघून गेला.

इंजिन अजून पूर्ण सुधारलेला नाही. मागच्या महिन्यात मोकळ्या माळावर उधळला. मी हात सैल ठेवले. बऱ्याच अंतरावर तो आपणहून दुडक्या चालीवर आला.

दादा परत फिरकला नाही. वहिनीचा फोन येतो. "घोडा कसा आहे, रोज विचारतात," ती परवा म्हणाली. "मी म्हटलं, जाऊन बघा की. तर उठून आत गेले."

"त्याला सांग, आता हळू चालतो," मी म्हणाले. दादा येईल का, ते काही मला विचारवलं नाही.