जाळीवरचा कापूस

"अगं, आधी पेट्रोलनं पूस! तुझ्या बोटांचं तेल लागलंय तिला!" तोक्तोसुन ओरडला, पण मनातल्या मनात. तोंडातून बाहेर पडलं ते नुसतं "अंऽ, अंऽ." हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्याची उजवी बाजू गेली होती, आणि तिच्याबरोबर वाचाही.

अंगणात त्याची लेक बेगाइम गाडीची पुढची जाळी दोन विटांवर ठेवून बसली होती. सकाळपासून पॉलिश पेपरनं घासून घासून तिची नखं काळी झाली होती.

"बाबा, झालं घासून. आता रंग मारते हं," ती म्हणाली आणि फवाऱ्याचा डबा कानाशी धरून हलवू लागली. लहानपणी बापाला बघून शिकली होती तेवढंच.

जलालाबादेत चाळीस वर्षं तोक्तोसुननं लोकांच्या गाड्या रंगवल्या. माझ्या रंगात केस सापडला तर गाडी फुकट रंगवून देईन, अशी पैज लावायचा पठ्ठ्या, आणि केस काही कुणाला सापडला नाही. स्वतःच्या गाडीची जाळी मात्र घाटातल्या खड्यांनी पार सोलवटून निघाली होती. आधी गिऱ्हाइकाचं, मग आपलं, असं म्हणता म्हणता हातच गेला.

उद्या बेगाइमला न्यायला घाटापलीकडच्या नारीनहून सासरची माणसं येणार होती. मुलीच्या पाठोपाठ आईबापांनी तिच्या सासरी जायचं नसतं. वहिनी जाते, रजयांची चळत जाते, पेटी जाते. हे सगळं तोक्तोसुनच्याच गाडीतून जाणार होतं. शेजारचा मामासादिक चालवणार होता. म्हणजे व्याह्यांच्या दारात बापाच्या जागी उभं राहणार ते गाडीचं तोंड. आणि एवढ्या नावाजलेल्या पेंटरच्या गाडीचं तोंड कसं आहे, हे बघितल्याशिवाय कोण राहतंय?

पहिला हात बरा बसला. पोरीचा हात हलका होता. तोक्तोसुनला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आजारपणात ते उगाचच येतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मग वारा सुटला. पाटाच्या कडेच्या पॉपलरच्या झाडांनी बियांचा कापूस सोडायला सुरुवात केली. या दिवसांत रंगकाम काढायचं तर आधी अंगण भिजवून चिंब करायचं, म्हणजे कापूस खाली बसतो. तो हे रोज करायचा. न सांगता करायचा, म्हणून घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं डावा हात उचलून पॉपलरांकडे दाखवलं. पुन्हा दाखवलं.

"ऊन लागतंय होय तुम्हाला? मग सांगायचं नाही का!" त्याची बायको अनारकुल म्हणाली आणि लगेच जीभ चावली. तिनं त्याची खुर्ची ओढत जर्दाळूखाली नेली. आता तो जाळीपासून आणखी दहा पावलं लांब गेला.

खुर्चीजवळ पाण्यानं भरलेली बादली होती. तोक्तोसुननं डाव्या पायाचा सगळा जोर लावला आणि ती लवंडली. पाणी हातभर पसरलं. त्यानं आशेनं बायकोकडे पाहिलं. आता तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"अगंबाई! सगळा चिखल केलात! उद्या पाहुणे यायचेत ना या अंगणात!" अनारकुलनं बादली उचलली, झाडू घेतला आणि चिखल लोटता लोटता सगळं अंगणच झाडायला काढलं. स्वच्छतेची मोठी भोक्ती. कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला कापूस उठला, आणि बेगाइम नेमकी तेव्हाच दुसरा हात देत होती. तोक्तोसुन घसा फाटेस्तोवर "अंऽ, अंऽ" करत राहिला.

"आई! झाडू थांबव! आई!"

जाळीच्या प्रत्येक पट्टीवर पांढरं चिकटलं होतं. बेगाइम नखानं काढायला गेली, तर रंगाचा पापुद्राच निघाला. डबा संपला होता, आणि उद्या बाजार उघडायच्या आत वऱ्हाड दारात येणार होतं. मामासादिक किल्ली न्यायला आला तो बघतच राहिला. "हे काय, गाडीला दाढी फुटली की!" कुणी हसलं नाही तसा तो गुपचूप पाना घेऊन जाळी बसवायला लागला.

अनारकुल झाडू धरून उभीच होती. "म्हणजे... हेच सांगत होतात होय तुम्ही?"

तोक्तोसुननं डोळे मिटून घेतले. तिच्यावर संताप संताप झाला होता, आणि तिची कीवही येत होती.

बेगाइम येऊन त्याच्या पायाशी बसली. "बाबा, तिकडं कुणी विचारलं ना, तर मी सांगणार जाळी तुम्हीच रंगवली म्हणून. एका हातानं, लेकीसाठी. बघू तर कोण नाव ठेवतंय!"

नको गं, बाई. दुसरं काहीही सांग. त्याचा डावा हात नाही म्हणायला वर आला. पोरीला वाटलं, बाप आशीर्वाद देतोय. तिनं तो हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. त्यानं तो तिथंच राहू दिला.

सकाळी वऱ्हाड आलं, जेवलं, उठलं. बेगाइम गल्लीतल्या वराच्या गाडीत जाऊन बसली. अंगणातली गाडी उलटी बाहेर काढायची होती. एका बाजूला फाटकाचा खांब, दुसऱ्या बाजूला पाट, आणि मागच्या काचेवर छतापर्यंत रजया. मामासादिकनं खिडकीतून मान बाहेर काढली. "तोक्तोसुनदादा, काही दिसत नाहीये! बघा हो जरा!"

तोक्तोसुननं डावा हात उचलला. जा मागे. जा. थांब. थोडं इकडं घे. हां, जा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो हात जे म्हणत होता ते समोरच्याला बरोब्बर कळत होतं. जाळी त्याच्याकडे तोंड करून एकेक वीत लांब जात होती. गाडी खांबाला न घासता बाहेर पडली, वळली, गल्लीतले हॉर्न लांब विरून गेले, तरी तोक्तोसुनचा हात जा, जा म्हणत हलतच होता.